राक्षसी डुकराचे कूळ आणि वजन

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अलापाहा नावाचे एक लहान गाव आहे. त्या गावाजवळ एक मत्स्यशेती होती आणि तिला लागून शिकारीसाठी राखलेले रान होते. १७ जून २००४ रोजी तिथे काम करणाऱ्या एका माणसाने त्या रानात एक डुक्कर मारले. मालकाने जाहीर केले की डुकराची लांबी १२ फूट आणि वजन १,००० पौंड, म्हणजे साडेचारशे किलोंहून अधिक आहे. पुरावा म्हणून एक छायाचित्र होते. माती उपसण्याच्या यंत्राच्या लोखंडी हाताला पट्ट्यांनी टांगलेले ते धूड आणि शेजारी उभा असलेला, त्याच्यापुढे बाहुल्यासारखा दिसणारा शिकारी. एवढ्या मोठ्या नराचे मांस खाण्याजोगे नसते असे सांगून डुक्कर पुरून टाकण्यात आले होते. राहिले ते छायाचित्र आणि मालकाचा शब्द.

छायाचित्र इंटरनेटवरून जगभर फिरले. १९५४ सालच्या जपानी चित्रपटातल्या गॉडझिला या राक्षसाच्या नावावरून या डुकराला 'हॉगझिला' म्हणू लागले. अलापाहाने आपल्या वार्षिक उत्सवात त्याची मिरवणूक काढली. ज्या गावाचे नाव शेजारच्या राज्यातही कुणाला ठाऊक नव्हते त्याला एका मेलेल्या जनावराने नकाशावर आणले. शंका घेणारेही पुष्कळ निघाले. अखेर नॅशनल जिऑग्राफिक वाहिनीच्या पथकाने २००४ सालच्या अखेरीस ते डुक्कर उकरून काढले, हाडे मोजली, ऊतींचे नमुने घेतले. मार्च २००५ मध्ये निष्कर्ष प्रसारित झाला. लांबी साधारण साडेसात ते आठ फूट, वजन अंदाजे ८०० पौंड. जनुकीय तपासणीत दिसले की हे जनावर युरोपीय रानडुक्कर आणि हॅम्पशायर या पाळीव जातीचा संकर आहे. मालकाने आपला आकडा सोडला नाही. मेलेला देह जमिनीत आटतो, असे त्याचे म्हणणे होते. देह आटतो हे खरेच आहे. हाडे मात्र चार फूट आटत नाहीत.

त्या काळातल्या बातम्या आज वाचल्या तर एक गोष्ट खटकते. प्रश्न दोन विचारले गेले आणि दोन्ही वेगवेगळे. एक मापाचा: डुक्कर खरोखर किती मोठे होते? दुसरा कुळाचा: ते कुठून आले, रानातले की गोठ्यातले? पहिल्याचे उत्तर फीत आणि तराजू देणार, दुसऱ्याचे प्रयोगशाळा. माझे म्हणणे असे की हा एकच प्रश्न आहे. तो दोन तुकड्यांत मांडला गेला म्हणूनच ही दंतकथा इतकी वर्षे तगली. ऐकणाऱ्याच्या मनात आकार हाच वन्यतेचा पुरावा असतो. डुक्कर जितके अवाढव्य तितके ते रानटी, जितके रानटी तितका शिकारी शूर. वस्तुस्थिती जवळपास याच्या उलट आहे, आणि ती का उलट आहे हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

मागे म्हणजे बरेच मागे. डुकराच्या मापावरून उठलेल्या शंकांची परंपरा अमेरिकेहून फार जुनी आहे. ग्रीक पुराणातील कॅलिडॉनच्या वराहाची कथा साहित्याच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. राजा इनियस यज्ञात आर्टेमिस देवीचा वाटा विसरला, तिने कोपून एक वराह त्याच्या राज्यावर सोडला, आणि त्याला मारायला ग्रीसमधले निवडक वीर एकत्र जमले. होमर 'इलियड'च्या नवव्या सर्गात ही कथा सांगतो तेव्हा वराहाचे शुभ्र सुळे आणि त्याने उन्मळून टाकलेली झाडे एवढेच देतो, माप देत नाही. ऑव्हिडपर्यंत येताना तेच जनावर बैलांशी तोलले जाऊ लागते आणि त्याच्या सुळ्यांना उपमा मिळते ती थेट भारतातल्या हत्तींच्या दातांची. एका कथेच्या दोन कथनांत इतकी वाढ.

खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या शतकातला प्रवासवर्णनकार पॉसेनियस सांगतो की त्या वराहाचे सुळे आर्केडियातल्या टेजिया नगरीत, अथीना अलेआच्या देवळात ठेवलेले होते. टेजियाच्या लोकांनी अँटनीची बाजू घेतली होती. त्याचा पराभव केल्यावर ऑगस्टसने देवीच्या जुन्या मूर्तीबरोबर हे सुळेही रोमला नेले. तिथल्या राखणदारांच्या सांगण्यानुसार एक सुळा तुटला होता, आणि उरलेला सम्राटाच्या बागेत होता, अर्ध्या वावेएवढा, म्हणजे सुमारे तीन फूट. डुकराचा सुळा तीन फुटांचा होत नाही. अभ्यासक अ‍ॅड्रिएन मेयर यांनी 'द फर्स्ट फॉसिल हंटर्स' या २००० सालच्या ग्रंथात असे सुचवले आहे की हे सुळे बहुधा जमिनीतून निघालेले प्रागैतिहासिक हत्तींचे दात असावेत. पेलोपोनीजच्या त्या भागात असे अवशेष सापडतात. तसे असेल तर ऑव्हिडची उपमा उपमा राहत नाही, अजाणता केलेली नोंद ठरते. असो. आपल्यापुरता मुद्दा असा की देवळात ठेवलेला सुळा आणि यंत्राला टांगलेले धूड या दोहोंचे काम सारखेच आहे. दोन्ही वस्तू दाखवून कथा सिद्ध केली जाते, आणि ती वस्तू मुळात कुणाची हे विचारणे असभ्यपणाचे मानले जाते. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये असे आपण म्हणतोच, त्या यादीत शिकारीतले डुक्करही घालायला हरकत नाही.

आता अमेरिका. तिथल्या रानडुकराबद्दल पहिली गोष्ट अशी की ते तिथले नाहीच. युरोपीय लोक येण्यापूर्वी त्या दोन्ही खंडांत डुक्कर नव्हते. पेकारी नावाचा, दिसायला डुकरासारखा असलेला प्राणी आहे, पण तो वेगळ्या कुळातला. १४९३ साली दुसऱ्या सफरीवर निघालेल्या कोलंबसाने वाटेत कॅनरी बेटांतल्या ला गोमेरावर काही जनावरे घेतली. लास कासास सांगतो की त्यांत आठ डुकरे होती. कॅरिबियन बेटांवर ती भराभर वाढली. पुढे १५३९ मध्ये एर्नान्दो दे सोतो फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्या फौजेबरोबर तेरा डुकरिणी होत्या, चालता-बोलता शिधा म्हणून. एल्व्हासच्या अनामिक पोर्तुगीज गृहस्थाचा वृत्तान्त १५५७ साली छापला गेला. त्यानुसार १५४२ मध्ये सोतो मेला आणि त्याच्या मालमत्तेचा लिलाव झाला, तेव्हा त्यात सातशे डुकरे होती. तीन वर्षांत, वाटेत कापून खाऊनही, तेराची सातशे. या मोहिमेतून काही डुकरे सुटली, काही स्थानिकांनी पळवली, आणि आजच्या दक्षिण अमेरिकी संस्थानांतल्या सगळ्या रानडुकरांचा उगम तिथेच आहे असे अभिमानाने सांगितले जाते. स्पॅनिश सरदाराच्या कळपाशी नाते जोडले की कुळाला वजन येते. प्रत्यक्षात त्या पहिल्या कळपांपैकी किती टिकले हे सिद्ध करणे अवघड आहे, आणि नंतरच्या चारशे वर्षांत वसाहतवाल्यांनी सोडलेली डुकरे संख्येने कितीतरी जास्त होती.

हे 'सोडणे' नीट समजून घ्यायला हवे, कारण सगळी भानगड इथेच आहे. त्या मुलखात डुक्कर गोठ्यात बांधून पाळण्याची रीत नव्हती. कुंपण पिकाला असे, जनावराला नसे. डुकरे रानात सोडलेली असत, ओकच्या झाडांखाली पडलेली फळे आणि कंद खाऊन वाढत, आणि थंडी पडली की मालक कुत्रे घेऊन त्यांना हुडकायला जाई. कोणते कुणाचे हे कानाला पाडलेल्या खाचांवरून ठरे. प्रत्येक घराण्याची खूण वेगळी, आणि तिची नोंद न्यायालयाच्या दप्तरात होत असे. ही मोकळ्या रानाची पद्धत काही भागांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली. अशा व्यवस्थेत 'रानटी' डुक्कर म्हणजे कोणते? ज्याच्या कानाला खाच नाही ते. जे रानातच जन्मले आणि मालकाच्या हाती लागले नाही ते. रानटीपणा तिथे रक्ताचा गुण नव्हता, मालकीचा अभाव होता. आई खाच असलेली आणि पिल्लू बिनखाचेचे, म्हणजे एक पाळीव आणि एक रानटी.

या डुकराला दक्षिणेत 'रेझरबॅक' म्हणतात, वस्तऱ्यासारख्या पाठीचे. आर्कान्सा विद्यापीठाचे संघ १९१० पासून हेच नाव मिरवतात. या शब्दाकडे लक्ष द्यावे. खरोखर रानात वाढलेल्या डुकराची ओळख त्याच्या बारीकपणावरून होती. अरुंद छाती, लांब तोंड, उंच पाय आणि पाठीचा कणा वर आलेला. लोकांनी त्याच्यावर विनोद केले ते त्याच्या हाडकुळेपणावर. जॉर्जियाच्याच किनाऱ्याजवळ ऑसाबॉ नावाचे बेट आहे. तिथली डुकरे स्पॅनिशांनी आणलेल्यांची वंशज आहेत असे परंपरा मानते. शतकानुशतके कुणी खायला न घातलेली ही डुकरे खुजी आहेत आणि क्वचितच दोनशे पौंडांपलीकडे जातात. अन्नाच्या सुगीत चरबी साठवून टंचाईत तगण्याची त्यांची शक्ती इतकी विलक्षण आहे की मधुमेहाच्या संशोधनात त्यांचा उपयोग होतो. हॉगझिला ज्या राज्यात मारला गेला त्याच राज्यातले हे बेट. दीर्घकाळ रानात राहिलेल्या डुकराचे काय होते ते पाहायला दूर जायची गरज नव्हती.

मग आकार येतो कुठून? दाण्याच्या पोत्यातून. पूर्ण वाढलेला पाळीव नर आठशे-हजार पौंडांचा होणे हे काही अद्भुत नाही. आपल्याला तसे दिसत नाहीत याचे कारण इतकेच की मांसासाठी पाळलेले डुक्कर सहा-सात महिन्यांचे होताच कापले जाते. गिनेस बुकातले सर्वांत वजनदार डुक्कर म्हणजे टेनेसी राज्यातला 'बिग बिल', पोलंड चायना या पाळीव जातीचा. १९३३ साली त्याचे वजन २,५५२ पौंड भरले, हजार किलोंहून बरेच पुढे. पोट जमिनीला लागत असे. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला नेत असताना पाय मोडला म्हणून त्याला मारावे लागले. या बिग बिलची लांबी होती नऊ फूट. आता हॉगझिलाचा मूळ दावा पुन्हा वाचावा: वजन बिग बिलच्या निम्म्याहून कमी आणि लांबी तीन फुटांनी जास्त. असे डुक्कर डुकरासारखे नव्हे, मगरीसारखे दिसले असते. उत्खननाची वाट न पाहता एवढे साधे त्रैराशिक मांडले असते तरी पुरले असते.

वन्यतेची म्हणून जी लक्षणे सांगितली जातात त्यांचीही अवस्था फारशी वेगळी नाही. हॉगझिलाचा एक सुळा जवळजवळ १८ इंच भरला, दुसरा सुमारे १६. लोकांनी ते सुळे पाहून विचारले की पाळीव डुकराला असे कुठे असतात? पाळीव नराला सुळे येतातच, आणि ते वाढतही राहतात. गोठ्यात ते कापले जातात म्हणून दिसत नाहीत. डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात पाळीव प्राण्यांच्या बदलांचा विचार करताना डुकरांना बरीच जागा दिली आहे. जमैकासारख्या ठिकाणी रानात गेलेल्या डुकरांच्या पिल्लांच्या अंगावर रानडुकरांसारखे पट्टे पुन्हा दिसू लागतात हे त्याने नोंदवले. पण रानात गेलेला प्राणी हमखास आपल्या मूळ रूपाला परततो, या सर्वमान्य समजुतीला पुरावा किती तोकडा आहे हेही त्यानेच त्याच ग्रंथात बजावले. हर्मान फॉन नाथुसियस या जर्मन अभ्यासकाचा आधार घेऊन तो आणखी एक गोष्ट सांगतो. डुकराला लहानपणी भरपूर सकस खाऊ घातले तर डोके रुंद आणि आखूड होते, निकृष्ट खायला मिळाले तर लांब आणि चिंचोळे. म्हणजे ज्या लांबट तोंडाला आपण रानाचे रक्त समजतो ते काही अंशी नुसत्या उपासमारीचे चिन्ह आहे.

रक्ताचाच प्रश्न असेल तर खरे युरोपीय रानडुक्कर अमेरिकेत आले ते फार उशिरा, आणि तेही श्रीमंतांच्या हौसेपोटी. १८९० च्या सुमारास ऑस्टिन कॉर्बिन या धनिकाने न्यू हॅम्पशायरमधल्या आपल्या शिकारवनात ती आणली. १९१२ मध्ये जॉर्ज गॉर्डन मूर याने नॉर्थ कॅरोलायनातल्या हूपर बाल्ड नावाच्या डोंगरावर लाकडी कुंपण घालून डझनभर रानडुकरे सोडली. कुंपण टिकले नाही. पुढच्या दहाएक वर्षांत डुकरे निसटली आणि खालच्या रानातल्या मोकाट पाळीव डुकरांत मिसळली. ती नेमकी युरोपच्या कोणत्या भागातून आली होती याची कागदपत्रे धड नाहीत, पण लोकांनी त्यांना 'रशियन' ठरवले, आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या प्रत्येक केसाळ डुकराचा आजा रशियन असतो. मेयर आणि ब्रिस्बिन या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी १९९१ साली अमेरिकेतील रानडुकरांच्या इतिहासावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी कवट्या, केस आणि जुनी कागदपत्रे एकत्र लावून हा गुंता सोडवायचा प्रयत्न केला आहे. तो वाचताना वंशावळी लिहिणाऱ्या भाटांची आठवण होते, फक्त इथे काम उलटे चालले आहे. भाट कुळाला सूर्यापर्यंत पोचवतो, हे दोघे त्याला गोठ्यापर्यंत परत आणतात.

तर अलापाहाच्या डुकरात रानाचे रक्त होते हे खरे, आणि हॅम्पशायरचेही होते हे खरे. तेव्हा अनेकांनी तर्क केला की मत्स्यशेतीवर माशांसाठी टाकले जाणारे खाद्य त्याच्या तोंडी लागले असावे. मला हा तर्क पटतो. प्रथिनांनी भरलेले खाद्य फुकट मिळत असेल तर कोणते डुक्कर कंद उकरत बसेल? तसे असेल तर त्या छायाचित्रातल्या धुडाचा बराचसा भाग रानाने घडवलेला नव्हता, त्याच शेतीने घडवला होता. ते चोरून पाळीव झालेले जनावर होते.

याहून स्पष्ट, आणि मला विचाराल तर याहून दुःखद प्रकरण तीन वर्षांनी अलाबामात घडले. ३ मे २००७ रोजी तिथल्या एका शिकारवाडीत अकरा वर्षांच्या मुलाने .५० कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरने एक प्रचंड डुक्कर मारले. तीन तास पाठलाग चालला, अनेक गोळ्या लागल्या. वजन १,०५१ पौंड आणि लांबी ९ फूट ४ इंच सांगितली गेली. म्हणजे बिग बिलहून चार इंच जास्तच. छायाचित्रात मेलेल्या डुकरामागे मुलगा टेकून बसलेला दिसत होता, आणि डुक्कर एखाद्या मोटारगाडीएवढे वाटत होते. शंकेखोर पुन्हा कामाला लागले. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एका निवृत्त भौतिकशास्त्रज्ञाने यथार्थदर्शनाच्या गणिताने दाखवून दिले की मुलगा डुकराला टेकलेला नाही, बराच मागे आहे, त्यामुळे डुक्कर आहे त्याहून मोठे भासते. मासे धरणारे लोक मासा हात लांबवून कॅमेऱ्यापुढे धरतात, तीच ही युक्ती. काट्याबद्दलही प्रश्न निघाला. ज्या काट्यावर डुक्कर तोलले त्याच्या खुणा दहा-दहा पौंडांच्या होत्या, मग १,०५१ मधला तो शेवटचा एक आला कुठून? माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका आकडा तो एकच आहे. १,०५० म्हटले की अंदाज वाटतो, १,०५१ म्हटले की मोजणी वाटते. वास्तववादी कथालेखकाला ही क्लृप्ती चांगली ठाऊक असते.

मापावर असा खल चालला असतानाच, महिनाही उलटायच्या आत, कुळाचा उलगडा अगदी अनपेक्षित बाजूने झाला. जवळच्याच गावातले एक शेतकरी दांपत्य पुढे आले आणि म्हणाले, हे आमचे डुक्कर. त्याचे नाव फ्रेड. २००४ च्या नाताळात नवऱ्याने बायकोला ते पिल्लू भेट दिले होते. डब्यातली रताळी त्याला आवडत, नातवंडांबरोबर ते खेळत असे. आपली सगळीच डुकरे काढून टाकायची ठरवली तेव्हा, २९ एप्रिलला, त्यांनी तेही शिकारवाडीला विकले. विक्री आणि शिकार यांत चार दिवस. जिथे पाठलाग झाला ते रान म्हणजे १५० एकरांचे कुंपण घातलेले आवार होते. शिकाऱ्यांना डुक्कर रानटी असल्याचेच सांगितले गेले होते आणि मुलाच्या वडिलांना ही हकीकत ऐकून धक्का बसला. इथे मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला एक कथा विकली गेली होती, तिचे नाव वन्यता, आणि तिची मुदत चार दिवस होती.

त्या तीन तासांच्या 'पाठलागा'कडे जरा फ्रेडच्या बाजूने पाहिले तर? माणूस जवळ आला म्हणजे रताळी मिळतात एवढेच शिकलेले ते जनावर. शंका घेणारे फूट आणि पौंडांत गुंतले होते, आणि समर्थकही त्याच मैदानात लढत होते. डुक्कर अकराशे पौंडांचे की नऊशेचे याने काय ठरणार होते? उलट वजन जितके खरे ठरत गेले तितकी शिकार खोटी ठरत गेली. एवढे मोठे आहे म्हणजे कुणीतरी त्याला अडीच वर्षे वेळेवर खाऊ घातले आहे, हे पहिल्याच दिवशी म्हणता आले असते.

हा केवळ बढाईखोरांचा खेळ असता तर दुर्लक्ष करता आले असते. पण अमेरिकी कृषी खात्याच्या अंदाजाने तिथे आज साठ लाखांहून अधिक मोकाट डुकरे आहेत. पिकांची नासाडी, जमीन उकरणे, रोग पसरवणे यांपायी होणारे नुकसान वर्षाला अब्जाहून अधिक डॉलर भरते, आणि २०१४ पासून त्यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. हा प्रसार आपोआप झालेला नाही. शिकारीची हौस भागवण्यासाठी लोकांनी गाड्यांत घालून डुकरे एका जिल्ह्यातून दुसऱ्यात, एका राज्यातून दुसऱ्यात नेऊन सोडली. 'मॉलेक्युलर इकॉलॉजी' या नियतकालिकात २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हजारो मोकाट डुकरांचे जनुकीय नमुने तपासले गेले. त्यांतली बहुसंख्य डुकरे युरोपीय रानडुक्कर आणि जुन्या पाळीव जाती यांच्या मिश्रणातली निघाली. म्हणजे हॉगझिला कुळाने मुळीच अपवाद नव्हता, तो सर्वसाधारण अमेरिकी रानडुकरासारखाच होता. आकाराने मात्र अपवाद होता, आणि तोही खाद्यामुळे.

इंग्रजीत या डुकरांना सरसकट 'वाइल्ड' म्हणतात. शास्त्रज्ञ 'फेरल' या शब्दाचा आग्रह धरतात. मराठीत आपली सोय थोडी बरी आहे. शेतात शिरून भुईमूग फस्त करते ते रानडुक्कर, गावाच्या उकिरड्यावर फिरते ते मोकाट डुक्कर, अशी वाटणी आपली वर्तमानपत्रेसुद्धा बिनचूक पाळतात. 'मोकाट' या शब्दात सुटलेल्या दाव्याची आठवण आहे. आधी कुणीतरी बांधले होते, किंवा बांधायला हवे होते, असा ठपका त्यात आहे. अमेरिकेतल्या त्या डुकरांना मोकाट म्हटले की लगेच पुढचा प्रश्न सुचतो: कुणाचे? 'वाइल्ड' म्हटले की तो प्रश्न मिटतो, आणि तो मिटावा हीच शिकारवाडीच्या धंद्याची गरज असते.

ग्रीकांना तो प्रश्न मात्र सुचला होता. थीसियसने अथेन्सच्या वाटेवर क्रॉमियॉन इथे एक भयंकर डुकरीण मारली, हे त्याच्या पराक्रमांतले एक. तिचे नाव फाइआ. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या पुराणसंग्रहात तिच्या कुळाचे दोन पाठ शेजारी शेजारी दिले आहेत. काही म्हणतात ती एकिड्ना आणि टायफॉन या राक्षसांची संतती. प्लुटार्कने 'थीसियस'च्या चरित्रात तिसरा पाठ नोंदवला आहे, की फाइआ मुळात डुकरीण नव्हतीच, ती त्या भागातली एक दरोडेखोर बाई होती आणि तिच्या वागण्यावरून लोक तिला डुकरीण म्हणत. पण अपोलोडोरस राक्षसांच्याही आधी जो पाठ देतो तो अगदी घरगुती आहे. फाइआ हे एका म्हातारीचे नाव होते, आणि डुकरिणीला ते मिळाले कारण त्या म्हातारीने तिला पाळले होते.